पाचवा वाफा

भाऊ, उद्या तुमची तेरवी. वहिनींनी निरोप पाठवला आहे, सकाळीच ये म्हणून, स्वयंपाकाला हात लागेल. आणि मी इथे केंद्रावर तुमच्या स्टुलावर बसून तुम्हाला लिहून राहिले आहे, कारण मला उद्याचं भेव वाटतं. कामाचं नाही. वहिनींच्या प्रश्नाचं. या बारा दिवसांत त्यांनी मला तीनदा विचारलं, "विशाखाबाई, त्या दिवशी ते कोनाच्या वाडीत गेलते वो?" तीनदा मी मान हलवली आणि म्हणाले, माहीत नाही. मला माहीत होतं. तुम्ही बैलबंडीवर आडवे पडून आलात त्याच संध्याकाळी मला कळलं होतं.

तुमच्यावर रागही आहे माझा, सांगून ठेवते. काय अडलं होतं जी, मे महिन्याच्या भर दुपारी डोक्याला नुसता दुपट्टा गुंडाळून फावडं मारायला? चंद्रपूरचं ऊन काय तुम्हाला नवीन होतं? मला उठता बसता सांगायचे, "बाई, कांदा ठेवत जा खिशात, ताक पेत जा." स्वतःच्या खिशात तंबाखूची चंची सोडून काही नव्हतं. मीच काढली ती, दवाखान्यात. अजून माझ्याकडेच आहे.

मी इथे पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का? सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असा पत्र्याचा बोर्ड, त्यातला 'शुद्धी' गंजून गेलेला. आत चार टाक्या, एक टिनाचं शेड, मागे गाळ वाळवायचे वाळूचे वाफे, आणि तुम्ही. बीएस्सी झालेली बाई प्रयोगशाळेत येणार म्हणून बाकीचे तिघे कामगार दाराशी उभे राहून पाहत होते, जणू सर्कस आली. त्यांना माझं आडनाव आधीच कळलेलं होतं. माझ्या माठातलं पाणी कोणी घेईना. तुम्ही आलात, माठातून गिलास बुडवून उभ्या उभ्या प्यायलात आणि म्हणालात, "शहरातली सारी घाण इथी येते बाई, आन् इथून नाल्यात जाते. मधात आपण. इथी कोन कोनाले बाटवते जी?" मग माझा डबा उघडून त्यातली पालकाची भाजी बोटाने चाखली. न विचारता! मला इतका राग आला होता. घरी जाऊन मायला सांगताना मात्र रडू आलं.

त्या दिवसापासून माझ्या डब्यातली अर्धी भाजी तुमची ठरली. माय मुद्दाम जास्त पाठवायची. "तुझ्या भाऊले आवडते ना," म्हणायची. तिने तुम्हाला पाहिलंही नव्हतं तोवर.

मंगळवारचं पिवळं पाणी मला तुम्हीच दाखवलं. कारखान्यांच्या रस्त्यावर सायकलचे हँडल आणि पलंगाचे पाय चमकवणारी दुकानं होती. बुधवारी त्यांची लाईट बंद असायची, म्हणून मंगळवारी सगळे आपापल्या टाक्या गटारात रिकाम्या करून मोकळे व्हायचे. सकाळी अकराच्या सुमाराला आपल्या पहिल्या टाकीत हळदीसारखं पिवळं पाणी यायचं. तुम्ही दोन बोटांत घेऊन चोळायचे, वास घ्यायचे, थुंकायचे. "आज मालकानं मोठी टाकी सोडली." मी तुम्हाला सांगितलं की हा क्रोमियम, सोबत तांबं असेल, निकेल असेल, जस्त असेल, हे जड धातू म्हणतात, हे अंगात गेले की निघत नाहीत. तुम्ही विचारलं, "मंग पाण्यातून तरी निंगते का?"

तिथून आपलं काम सुरू झालं. माझ्याकडे पुस्तक होतं आणि सहा काचेची भांडी. तुम्ही त्यांना चहाचे गिलास म्हणायचे. पिवळं पाणी, त्यात थोडं अॅसिड, मग हिराकस, तो लोखंडाचा क्षार, की पिवळा रंग उतरून हिरवट व्हायचा. मग चुन्याची निवळी. दुधात लिंबू पिळावं तसं पाणी फाटायचं, गोळे धरायचे, गोळे खाली बसायचे आणि वर नितळ पाणी राहायचं. कोणत्या गिलासात किती चुना, ते मी लिहून ठेवायची. पण मोठ्या टाकीत तेवढं कधी जमायचं नाही, कारण पुस्तकातला चुना आणि आपल्या गोदामातला दमट चुना यांत फरक. ते तुम्हाला कळायचं. मुठीत घेऊन दाबायचे आणि सांगायचे, "आज दीडपट लागन."

वर्षभरात नाल्याच्या खालच्या अंगाला गुरं पाणी प्यायला लागली. बाया कपडे धुवायला लागल्या. आपले वरचे साहेब फटफटीवरून आले, नाल्यातलं पाणी बाटलीत भरून नेलं, पाणी पास झालं. तुम्ही माझ्याकडे पाहून नुसते हसलात. मला वाटलं होतं, आयुष्यात काहीतरी चांगलं केलं आपण.

एकदा मी विचारलं होतं, "भाऊ, पाण्यातून काढलं ते जातं कुठं?" तुम्ही म्हणालात, "जाते कुठी म्हंजे? खाली बसते." आणि आपण दोघंही हसलो. ते हसणं मला आजकाल सारखं ऐकू येतं.

खाली बसलेलं वाफ्यांवर पसरायचं, पंधरा दिवसांत वाळून भेगाळायचं. काळपट, भुसभुशीत. पाहणाऱ्याला वाटावं तलावाचीच माती. तुम्ही धानाच्या मुलखातले. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे गावातलं छोटं तळं, आटलं की सगळं गाव गाळ काढायला उतरतं, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल. ज्याच्याकडे बंडी आहे तो बंडी नसलेल्याचाही गाळ नेतो. गाळ मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. आणि पहिली बंडी गावातल्या विधवा बाईच्या धानाच्या बांधीत रिकामी करायची, मग बाकीच्यांच्या. तुमच्या आजोबांपासूनची रीत. केंद्रावर इतका गाळ पडून वाया जातो हे तुम्हाला पाहवत नव्हतं. "सोनं हाय बाई हे, आन् आपण ढीग लावून राह्यलो."

तुम्ही विचारलंत, "इथी जवळपास कोनी विधवा बाई हाय का, वाडीवाली?"

मीच म्हणाले, माझी माय आहे.

ते मी म्हणाले होते, भाऊ. कुणी दुसऱ्याने नाही. मला तेव्हा केवढा मान वाटला होता! आमच्या मायच्या भाजीच्या वाडीत कुणाची पहिली बंडी कधी आली होती? तुम्ही स्वतः बैल हाकत दोन कोस गेलात, मी मागे पोत्यांवर बसलेली. मायने तुमच्या पायावर पाणी घातलं. पाच वाफ्यांत गाळ पसरला. माय सांबार म्हणते ती कोथिंबीर, पालक, माठ, भेदरे म्हणजे टमाटे, आणि वांगे. त्या हिवाळ्यात वांगे असे काही आले की माय सगळ्या बायांना बोलावून दाखवायची. आणि माझी मितू, तेव्हा तीन वर्षांची, दिवसभर त्याच वाफ्यांत बसलेली असायची. तिचे बाबा गडचांदूरला सिमेंटच्या कामावर फिटर, मी इथे खोली करून, पोरगी मायकडे. मातीत खेळायची, भेदरे तोडून तिथेच खायची. धुवायचं कशाला, घरचं आहे, माय म्हणायची.

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत तुम्ही आणखी आठ वाड्यांमध्ये गाळ नेला.

मग या वर्षी होळीनंतर मी नागपूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षण वर्गाला गेले. मोठमोठ्या केंद्रांवरचे लोक. माझी पाळी आली तेव्हा मी उठून सगळं सांगितलं, हिराकस, चुना, मंगळवारचं पाणी, दमट चुन्याचं तुमचं गणित. लोक हसले, कौतुकाने. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "आणि गाळाचं काय करता?" मी ऐटीत म्हणाले, "शेतकऱ्यांना देतो. भाजीला फार चांगला आहे." कुणी हसलं नाही. सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "किती दिवसांपासून?"

एसटीत परत येताना मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि माझे दात वाजत होते. मार्चमध्ये! शेजारच्या बाईने विचारलं, ताप आहे का वं तुले? भोपाळच्या गॅसचं रेडिओवर ऐकलं होतं तेव्हा मी म्हणाले होते, असे लोक झोपतात तरी कसे. आता मला कळलं. झोपत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वाफ्यातला चमचाभर गाळ अॅसिडमध्ये उकळला, गाळला आणि त्यात अमोनियाचे थेंब टाकले. खाली तपकिरी साका बसला आणि वर निळं पाणी राहिलं. इतका गर्द निळा रंग मी काचेच्या नळीत कधी पाहिला नव्हता. तुम्हाला बोलावलं. तुम्ही नळी उजेडात धरली.

"रंग तं मस्त हाय. का हाय हे?"

"तांबं."

"बरं मंग?"

"तांबं आहे तर बाकीचंही आहे, भाऊ. बाकीचं पाहायला माझ्याकडे सामान नाही. आपण जे जे पाण्यातून काढलं ते सगळं या गाळात आहे. आपण जितकं चांगलं काम केलं तितका गाळ वाईट झाला."

तुम्ही मानायला तयार नव्हते. काय भांडलो आपण त्या दिवशी! तुम्ही म्हणे, "आजोबापासून गाळ टाकून राह्यलो, कोनाले काई झाला काय?" मी म्हणाले, बोडीचा गाळ नव्हता तो. तुम्ही म्हणे, "माती ते माती." मी म्हणाले, तुम्हाला काही कळत नाही, सातवी नापास माणूस तुम्ही. हो, म्हणाले मी तसं. शेडमधले बाकीचे तिघे बाहेर जाऊन उभे राहिले. तुम्ही नळी हळूच लाकडी स्टँडमध्ये ठेवली आणि स्टुलावर बसलात. मग म्हणालात, "म्हंजे पाण्यातून काढून आपण लोकायच्या ताटात वाढला."

त्या शब्दांची माफी मागायची राहिली, भाऊ. सातवी नापासची. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर पंधरा दिवस तुम्ही मला चुन्याचं माप विचारत राहिलात, जे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी पंखा मोठा केला आणि म्हणाले, "पाणी पास होतं ना? मग झालं. गाळ आपल्या कागदात कुठेच नाही. आणि बाई, हे बाहेर बोलू नका, नोकरी तुमची पक्की व्हायची आहे अजून." मी परत आले. भांडखोर म्हणून नाव माझं, आणि तिथे तोंडातून शब्द निघाला नाही.

तुम्ही मात्र शेडच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. एकेक वाडी, एकेक रेघ. आठ ओढून तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, "आन् तुमच्या मायची."

"नाही जी," मी म्हणाले. "मायने तो नंतर काढून टाकला. बोरीच्या झाडाखाली ढीग आहे तसाच."

का म्हणाले मी असं? रोज विचारते मी स्वतःला. मला वाटतं, नववी रेघ ओढली असती तर ते खरं झालं असतं. मितूने दोन वर्षं काय खाल्लं ते भिंतीवर लिहिलं गेलं असतं. मला ते पाहायचं नव्हतं. तुम्ही "बरं" म्हणालात. आणि तुमची नजर माझ्या डब्यावर गेली. त्या दिवशी डब्यात पालक होता. तुम्ही खाल्ला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बेसन आणायला लागले. बेसन, डाळ, बेसन. आठवड्याने तुम्ही विचारलं, "बाई, आजकाल पालक नाई आनत?" मी म्हणाले, उन्हाळ्यात कुठला पालक. तुम्ही पुन्हा "बरं" म्हणालात. तुम्हाला कळलं होतं ना जी तेव्हाच? ढीग बोरीखाली असता तर मी मायचा पालक कशाला सोडला असता?

घरी मी मायला बाजारची भाजी नेऊन द्यायची. माय हसायची, "घरची सोडून बजारची सुकली भाजी? तुले झाला का हाय?" मी भाजी निवडायला बसायची. मितूला रविवारी माझ्याकडे आणायची आणि झोपली की तिची नखं पाहायची, जीभ पाहायची, हिरड्या पाहायची. काय पाहते आहे ते मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात सगळं पाण्याचं लिहिलं आहे, पोरीचं काही नाही. एकदा पोट दुखतं म्हणाली. डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला जंत आहेत. मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही. जंताचं औषध आणलं आणि इतका आनंद झाला मला त्या जंतांचा, देवाशप्पथ. आमच्यात देवाची शपथ घेत नाहीत. पण त्या दिवशी घेतली.

तुम्ही वाफ्यांमागे खड्डा खणला. खाली काळी माती चोपून बसवली, वर चुना अंथरला. मग एकेका वाडीत जाऊन वीतभर माती खरवडून आणायला लागलात. सुट्टी टाकून, स्वतःची बंडी, स्वतःचे बैल. लोक म्हणायचे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. एका वाडीत मी सोबत होते, फक्त एकदाच. तो मालक वाडीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून ओरडत होता, "देल्लेला गाळ वापस नेते काय गा कोनी? कोनत्या गावची रीत हाय ही?" तुमच्या मुलखात याहून मोठी शिवी नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही मान खाली घालून फावडं मारत म्हणालात, "मी देल्ला, मीच नेतो भाऊ. शिव्या दे, पन नेऊ दे." त्याला काय आहे ते नीट सांगायला मी तोंड उघडायला पाहिजे होतं. बीएस्सी मी होते. मी पोत्याचं तोंड धरून उभी राहिले.

आठ रेघा तुम्ही एकेक करून पुसल्या. मला वाटलं संपलं.

त्या दिवशी तुम्ही सकाळीच निघालात. कुठे, ते सांगितलं नाही. तीनच्या सुमाराला फाटकाशी घुंगरं वाजली. बैल आपोआप आले होते, रस्ता त्यांच्या पायाखालचा. तुम्ही पोत्यांवर आडवे, दुपट्टा तोंडावर. मला वाटलं झोपलात. हाक मारली, "भाऊ, उठा, चहा ठेवते." कपाळाला हात लावला तर चटका बसला. बाकीच्यांना बोलावलं, पाणी मारलं, ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं. तुम्ही डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं, उशीर झाला.

संध्याकाळी मी बैल सोडायला केंद्रावर परत आले. पोती खाली घेताना एकाचं तोंड सुटलं. मातीत सांबाराची वाळलेली मुळं होती. आणि एक छोटी निळी प्लास्टिकची चप्पल, तुटलेला पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला. तो दोरा मीच ओवला होता.

मी ती चप्पल पदराखाली घेतली. कुणालाच सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मायकडे गेले. तिला तुमचं कळलंच नव्हतं. ती आपली कौतुकच सांगत बसली. "तुवा भाऊ आलता वं. देवमानूस. म्हने, बाईनंच धाडला मले. म्हने, बाईले नागपूरले समजला का हा गाळ बेकार हाय, तवापासून मांगं लागली माह्या, का आदी माह्या मायची वाडी साफ करा. चार वाफे खरवडले एकट्यानं. म्या म्हटला थांबा भाऊ, ऊन उतरू द्या, आंबील घ्या. तं म्हने, नाई जी, पोट्टी इथी खेलते ना. पाचव्याले उद्या येतो म्हने. आलाच नाई."

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, भाऊ. मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि तुम्ही माझ्या मायसमोर माझी लाज राखली. मी तिला तेव्हाही काही सांगितलं नाही. तुम्ही गेलात एवढंच सांगितलं. ती कपाळाला हात लावून खाली बसली.

आठ दिवस मी त्या पाचव्या वाफ्याकडे फिरकले नाही. माय म्हणत होती, मृग येऊन राह्यला, तिथे वांग्याचं रोप लावते. रात्र झाली की आभाळ भरून आल्याचा भास व्हायचा. पाणी पडलं की ते मातीत उतरणार, मातीतून विहिरीत. तरी पाय उचलायचा नाही. पण आज सकाळी आभाळात खरोखरच ढग दिसले आणि मी तुमचंच फावडं घेतलं, शेजारच्याची बंडी मागितली आणि गेले.

माझं फावडं काही तुमच्यासारखं चालत नाही. दोन घमेल्यांत हाताला फोड आले. माय दारात येऊन उभी राहिली. "काऊन वं? कोनी मानूस लावला नाई काय?"

"माये," मी म्हणाले, "भाऊंना मी पाठवलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं होतं की तू तो गाळ केव्हाच काढून टाकलास. मी भेली होती. ते खोटं बोलले तुझ्याशी, माझ्यासाठी. तुझ्या वाडीत त्यांना ऊन लागलं."

माय वळली. आत गेली. मला वाटलं, आता ती माझं तोंड पाहणार नाही. ती कुदळ घेऊन बाहेर आली आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून माती ओढायला लागली. आम्ही दोघींनी मिळून वीतभर खाली नेलं, वाफा उघडा पाडला. मितू बोरीखाली चिंध्यांची बाहुली घेऊन बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. तिला तिथून हलायचं नाही अशी शपथ घातली होती. शेवटचं घमेलं बंडीत टाकलं तेव्हा मायने कुदळ खाली ठेवली, मितूकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वाडीतला तं निंगला वं. पोट्टीच्या पोटात गेला तो?"

 माती खरवडता येते, भाऊ. मी तिला म्हणाले, नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेते, सगळं खरं सांगते, ते तपासतील. ते काय तपासतील, तपासून काय करतील, मला माहीत नाही. माय म्हणाली, "मी येतो संगं." एवढंच.

दुपारी माती आपल्या खड्ड्यात टाकली. वरून चुना टाकला, तुमच्या मापाने, दीडपट. मग शेडच्या भिंतीवर कोळशाने नववी रेघ ओढली आणि पदराने पुसली. उद्या परवा साहेबांच्या टेबलावर ती निळी नळी नेऊन ठेवणार आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. नाल्यापलीकडच्या वाड्यांमधून आणखी कुणी गाळ मागायला यायच्या आत हे कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे.

पण आधी वहिनी. पोळ्या लाटताना त्या चौथ्यांदा विचारतील, आणि मला माझी खात्री नाही जी. मी पुन्हा मान हलवीन. आयत्या वेळी माझी जीभ अशीच टाळूला चिकटते, तुम्ही पाहिलं आहे. म्हणून मितूची चप्पल आणि तुमची तंबाखूची चंची एकाच पिशवीत घातली आहे. तोंडातून काही निघालं नाही तर पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवीन. आणि मितूला सोबत नेईन, एका पायात चप्पल घालून.